खोब्रागडेकाकांचं परमिट

खोब्रागडेकाकांच्या घरात शिरायचं तर आधी फोन डब्यात टाकावा लागे. फाटकाच्या आत, पेरूच्या झाडाखाली एक स्टूल आणि स्टुलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आलेल्याने आपला फोन त्यात ठेवायचा, झाकण लावायचं आणि मगच पायरी चढायची. यातून कोणाचीही सुटका नव्हती. गॅसवाला, मीटर वाचणारा, मतदारयादी तपासायला आलेली बाई, सगळे सारखे. एकदा वॉर्डातला एक उमेदवार चार कार्यकर्ते घेऊन मतं मागायला आला आणि पाच फोन एकदम डब्यात गेले. आत काका त्यांना चहा पाजत होते आणि बाहेर डबा एकसारखा घुमत होता, थांबत होता, पुन्हा घुमत होता. उमेदवाराचं सगळं लक्ष दाराकडे. मतांचं बोलायचं राहूनच गेलं.

आमचं हे गाव हिंदी मुलखातलं; मी इथे स्मृती नगरात त्यांच्या समोरच राहते. शाळेत गणित शिकवते आणि माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पहिल्यांदा तो डबा बघितला तेव्हा मी फाटकातूनच परत फिरले होते. म्हटलं, स्वतःला कोण समजतो हा माणूस!

पण गरज पडली की माणूस मुकाट्याने डब्यात फोन टाकतो. माझा लॅपटॉप इतका मंदावला होता की तो सुरू होईपर्यंत माझी पोळ्यांची कणीक मळून होई. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. आमचे हे म्हणाले, "समोर दे ना. दिवसभर तेच तर करत बसतात." म्हणून गेले.

काका उंच, काटकुळे. घरातही इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर. जामुलच्या बाजूला एका खासगी रोलिंग मिलमध्ये त्यांनी तीस वर्षं काट्यांची आणि मीटरांची देखभाल केली होती. ती मिल आता बंद पडली आहे. बायको वारलेली, एकुलती मुलगी करुणा लग्न होऊन पुण्याला. बैठकीत बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर ताजी फुलं, आणि लांबलचक टेबलावर ओळीने पाच लॅपटॉप. सगळे जुने, काळे, जाडजूड. नवा एकही नाही.

"मॅडम, याच्यात जो प्रोग्राम हाये, तो तुमी वाचू शकता का?" माझा लॅपटॉप उलटा करत त्यांनी विचारलं.

"मला कशाला वाचायचाय?"

"तुमाले नसंल वाचायचा. पन वाचतो म्हनलं तर वाचता आला पायजे का नाई? घर तुमचं, अन् एका खोलीची चाबी दुसऱ्याजवळ. तो म्हनते, आत काई नाई, तुमी आरामात ऱ्हा. तुमी राहान का आरामात?"

मी म्हटलं, मी राहीन. त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं.

त्यांनी माझ्या लॅपटॉपमधलं होतं नव्हतं ते काढलं आणि त्यात त्यांची मुक्त प्रणाली घातली. मुक्त म्हणजे जिचा प्रोग्राम जगात कोणीही उघडून वाचावा, दुरुस्त करावा, दुसऱ्याला द्यावा. लॅपटॉप पाखरासारखा हलका झाला. फक्त वायफाय चालेना.

"चालनारच नाई," काका समाधानाने म्हणाले. "याच्या वायफाय कार्डाले कंपनीचा एक तुकडा लागते. तो तुकडा बंद. आत काय लिवलं ते कोनालेच दिसत नाई. तो मी नाई टाकत."

"अहो, पण मी मार्कं कशी भरू? सोमवारी शेवटची तारीख आहे!" मी चांगलीच तडकले.

त्यांनी टेबलाच्या खणातून नखाएवढ्या आकाराची जुनी कार्डं काढली, चष्मा कपाळावर चढवून एकेक तपासलं आणि माझं कार्ड काढून त्यातलं एक बसवलं. या जुन्या कार्डाला बाहेरचं काहीच लागत नाही, असं म्हणाले. वेग निम्मा झाला, पण मार्कं भरली गेली. त्यांच्या स्वतःच्या यंत्रांवर तर ते आणखी खोल उतरलेले होते. लॅपटॉप चालू केल्यावर सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो, तोही कंपनीचा नको म्हणून त्यांनी चिपला चिमटा लावून तो बदलला होता. हे शिकताना तीन लॅपटॉप कायमचे गेले. माझ्यावर तो प्रयोग झाला नाही, ही त्यांची मेहेरबानी.

निघताना मी टेबलाच्या कडेला दोन काचेच्या बाटल्या बघितल्या. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या असतात तशा, जरा मोठ्या. एकीवर चिठ्ठी होती, 'कान'. दुसरीवर 'डोळे'. पहिलीत ज्वारीच्या दाण्याएवढे चंदेरी तुकडे, दुसरीत काळे चकचकीत मणी. दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपांमधून ते मालकाची परवानगी असेल तर माइक आणि कॅमेरा काढून घेत, आणि फेकून देत नसत.

"फेकता कावून नाई?" मी त्यांच्याच बोलीत चिडवलं.

"फेकल्यावर बी ऐकत असन तर?" ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

माझ्या लॅपटॉपचाही कान त्या बाटलीत आहे. परवानगी मीच दिली होती, गंमत म्हणून. नंतर कितीदा तरी घरात नवऱ्याशी भांडताना माझा आवाज आपोआप खाली यायचा, आणि मग माझाच मला राग यायचा.

काकांजवळ फोन नव्हता. फोनमध्ये तर आख्खी वस्ती बंद दाराआड राहते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे करुणा दर रविवारी सकाळी माझ्या फोनवर फोन करी. मी आवाज मोठा करून फोन त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची आणि ते दोन हात लांब उभे राहून बोलायचे. जेवले का, गुडघा कसा आहे, तिकडे पाणी येते का. करुणा हिंदीत सुरू करायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, मग तीही मराठीवर यायची. शेवटी ते म्हणत, "बरं बाई, जयभीम." मग क्षणभर थांबून फोनकडे बघत म्हणत, "अन् तुमाले बी जयभीम."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, जावयाला म्हणताहेत.

"नाई जी. जो मंधात बसून ऐकून रायला, त्याले."

"कोण ऐकतंय तुमचं गुडघेपुराण?"

"कोनी तरी असंल. त्याची बी नौकरीच असंल बिचाऱ्याची."

मी ही गोष्ट शाळेत सांगून सगळ्यांना हसवलं होतं. मग एका रविवारी त्यांचा दुसरा जयभीम झाला, करुणाने फोन ठेवला, आणि तरी पडद्यावर कॉल चालूच दिसत होता. तीन-चार सेकंद असतील. त्या शांततेत कोणीतरी श्वास सोडल्यासारखा आवाज आला. मग कॉल कटला. लाइनमध्ये खरखर असतेच, मी त्यांना तसं म्हटलंही. काकांनी मान तुकवली, आपल्या नमस्काराला कोणी उत्तर दिल्यावर तुकवतात तशी. मी तो किस्सा शाळेत सांगितला नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ते भाजीच्या गाडीसमोर कोसळले. दोन मिनिटांत उठून बसले आणि भेंडी निवडायला लागले. आठवड्याने पुन्हा पडले, या वेळी कपाळ फुटलं. मी आणि आमचे हे त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. म्हणाला, यांचं हृदय मध्येच थांबतं, काही सेकंद, मग आपलं आपण सुरू होतं. एखाद्या वेळी सुरू होणार नाही. पेसमेकर बसवावा लागेल, छातीत कातडीखाली, काडेपेटीएवढा.

"त्यातला प्रोग्राम वाचाले भेटंल का?" काकांनी विचारलं.

डॉक्टरला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर त्याने कंपनीच्या माणसाला बोलावलं. टाय लावलेला, अदबीने बोलणारा. "सर, वो तो कंपनी का सीक्रेट रहता है."

"मेरी छाती में रहेगा, और मेरे से ही सीक्रेट?" काका म्हणाले. उठले, चप्पल घातली आणि बाहेर पडले.

करुणा दुसऱ्याच दिवशी विमानाने आली. त्या घरातला आवाज मी पहिल्यांदा रस्त्यापलीकडे ऐकला. "बाबा, तुम्ही मरून जाल! समझ में नहीं आता क्या? एका सॉफ्टवेअरसाठी मरून जाल!" त्यांचा आवाज नव्हताच. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बोला. तुमचं ऐकतील." माझं कोणी ऐकतं असा तिचा समज कशाने झाला कोण जाणे.

मी भरल्या वांग्यांचा डबा घेऊन गेले. फोन झाडाखाली ठेवला. काका टेबलाशी बसले होते, समोरचे पाचही लॅपटॉप मिटलेले. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच सुरुवात केली.

मिलमध्ये भट्टीचा धूर नेणारा एक मोठा नळ होता, माणूस वाकून आत जाईल एवढा. वर्षातून दोनदा तो आतून साफ करावा लागे. एक माणूस आत जाई, एक बाहेर उभा राही. आत जायच्या परवानगीच्या, म्हणजे परमिटच्या कागदावर दोघांची सही असे: आतला माणूस अमुक, बाहेरचा माणूस तमुक. बाहेरच्याचं काम एकच. दर पाच मिनिटांनी पान्याने नळावर ठोकायचं. आतला उलट ठोकतो. उत्तर आलं नाही तर काही विचार न करता त्याला दोरीने ओढून काढायचं.

"मंग बाहेरून एक नवीन डबा आला. हवा तपासनारा. आत गॅस झाला का लाल लाइट, नाई तर हिरवा. सीलबंद. उघडला तर कंपनी जिम्मेदारी घेत नाई. साहेब म्हने, आता ठोकाची गरज नाई, खोब्रागडे, निस्तं लाइट पाय. आत दिनकर होता. माया संगं भरती झालेला." त्यांनी मिटलेल्या लॅपटॉपवर बोटाने एकदा ठोकलं. "पंचवीस मिनटं मी हिरवा लाइट पाहत रायलो, मॅडम. आवाज नव्हता येऊन रायला आतून. मले वाटलं, काम करून रायला असंल."

"मग?"

"कंपनीवाले आले, डबा घेऊन गेले. एका ओळीची चिठ्ठी आली. डब्यात काई खराबी नाई म्हने. आता आत काय होतं, कोन पायलं? पन मले डब्याचा राग नाई. मले मायाच राग हाये. पाना हातातच होता माया."

मला रडू येण्यासारखं झालं की मी रडत नाही, ओरडते. "मग ठोकायला कोणी असतं तर दिनकर वाचला असता ना? मग बसवा तो डबा छातीत! मी उभी राहते बाहेर. रोज हाक मारीन. झालं?"

त्यांनी चष्मा पुसला. मग खणातून रेघांचा कागद काढला आणि सुवाच्य अक्षरात लिहू लागले. काम: छातीत बंद डबा बसवणे. आतला माणूस: खोब्रागडे. बाहेरचा माणूस, आणि पुढे माझं नाव. वेळ: रोज सकाळी पावणेसात. खाली अट: हाक तोंडी मारावी आणि उत्तर कानाने ऐकावे, दुसरा कोणताही पुरावा चालणार नाही. उत्तर न आल्यास दार तोडावे. मी सही केली. मनात थोडं हसू येत होतं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून दवाखान्यात गेले आणि पेसमेकर बसवून आले.

पडणं थांबलं. चेहऱ्यावर रंग आला. पण ते बदलले. गप्पा मारताना मध्येच गप्प होत, तळहात डाव्या खांद्याखाली ठेवत आणि डोळे मिटून थांबत. एकदा म्हणाले, "मी पायरी चढलो का तो समजते. थोडा मागूनच समजते, पन समजते. कसा समजते?" सगळ्यांना असतं तसंच हे, मी म्हटलं. "नाई जी. पयले कोनी समजत नव्हतं. निस्तं चालत होतं." मागच्या खोलीत दवाखान्याने दिलेली एक पांढरी पेटी होती. छातीतलं यंत्र रोज त्या पेटीशी बोलायचं आणि पेटी कंपनीशी. करुणासाठी त्यांनी ती सहन केली. कंपनीच्या अ‍ॅपवर करुणाला पुण्यात रोज सकाळी सगळं ठीक असल्याची हिरवी खूण दिसायची. त्या खोलीत ते कधी बसत नसत, आणि तिचं दार लावण्याआधी एकदा आत बघून मान तुकवत.

मी मात्र माझं काम केलं. शाळेची बस सात वाजता. पावणेसातला कुंपणाशी उभी राहायची आणि हाक मारायची, "खोब्रागडेकाकाऽ!" आतून उत्तर यायचं, "आहोऽ!" पावसात, थंडीत, दिवाळीच्या पहाटे. गल्लीतले लोक हसायचे. एकदा मला ताप होता तर स्वेटर घालून गेले. दहा महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. त्या एका आवाजाने माझा दिवस सुरू व्हायचा, आणि मला तो माणूस किती आवडायला लागला होता हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा तपासायला घरी आला. एके दिवशी शाळेला सुट्टी, बस नाही, म्हणून सकाळी अलार्म नाही. साडेसहाला उठले ती चहा घेऊन गठ्ठ्याशीच बसले. पावणेसातच्या सुमाराला करुणाचा फोन आला. पुढच्या आठवड्यात ती येणार होती, बाबांसाठी कुठला स्वेटर आणू म्हणून विचारत होती.

"अगं, मी जातेच आहे त्यांना हाक मारायला. थांब, विचारते."

"राहू द्या ना ताई, तुमचे पेपर चालले आहेत. ते ठीक आहेत, मी आत्ताच बघितलं. हिरवं आहे."

मी म्हटलं, बरं. हा एवढा एकच शब्द मी म्हटला. गठ्ठा संपवून शिरा करीन आणि घेऊनच जाईन, असं ठरवलं. रस्त्यापलीकडचं ते दार मला खिडकीतून दिसत होतं. ऊन चढलं, पेरूच्या झाडाची सावली स्टुलावरून सरकली. आतून काही आवाज नव्हता. मला वाटलं, काम करत असतील.

साडेअकराला शिऱ्याची वाटी घेऊन गेले आणि हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग मी वाटी भिंतीवर ठेवली आणि आमच्या ह्यांना दार तोडायला हातोडी आणायला सांगितलं.

ते स्वयंपाकघरात पडले होते, दाराकडे तोंड करून. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती, असं डॉक्टर नंतर म्हणाला. हृदयाचा त्यात काही दोष नव्हता. आम्ही त्यांना उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा तोच तरुण डॉक्टर होता. त्याने फॉर्म पुढे ओढून विचारलं, "लास्ट टाइम इनसे किसने बात की? कब?"

"मी," मी म्हटलं. "काल. पावणेसात वाजता."

"आज सुबह किसी ने नहीं देखा?"

मी मान हलवली. त्याने फॉर्मवर कालची तारीख लिहिली. लवकर आणलं असतं तर, हे वाक्य त्याने उच्चारलं नाही आणि मीही त्याच्याकडून वदवून घेतलं नाही. मृत्यूची नोंद करायची तर हृदयाच्या ठोक्यांची ईसीजीची पट्टी काढावी लागते, म्हणून नर्सने काकांच्या छातीला आणि हातापायांना तारा लावल्या. यंत्रातून कागद सरकू लागला. सरळ आडवी ओळ, आणि त्या ओळीवर ठरावीक अंतराने एक बारीक उभी रेघ. मी नर्सचा हात धरला. "रुको, रुको, चल रहा है! देखो ना, चल रहा है!"

"वो मशीन का है, मैडम," नर्स हळूच म्हणाली. "इनका नहीं है. बंद करने वाला आएगा, तब तक चलता रहेगा."

माझा फोन कानाशीच होता. पुण्याहून करुणा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. "ताई, असं कसं होईल? माझ्याकडे अजून हिरवं आहे. ताई, तुम्ही नीट बघा ना. अजून हिरवं आहे."

मी फोन बाजूला ठेवला. काकांचा शर्ट उघडा पडला होता, तो मी नीट केला. मग त्यांच्या कानाशी वाकले आणि सकाळची राहिलेली हाक मारली. वॉर्डातल्या दोन बायकांनी माना वळवून बघितलं. काकांचा चेहरा शांत होता, ओठ जरासे उघडे. पलीकडे कागद सरकत होता आणि त्यावर एकेक रेघ अगदी वेळेवर उठत होती.